जाड तेलातली पट्टी

बॉनेट उघडलंच आहे तर जरा इकडेही बघा. पिवळी कडी दिसतेय ना? तिच्याखाली नळीत लोंबणारी बारीक पोलादी पट्टी म्हणजे मी. मी तेलाची पट्टी बोलतेय. इंजिनात तेल किती आहे, ते माझ्या टोकावरच्या दोन खुणांवरून कळतं. मला सगळे पुसतात. फडक्याने पुसतात, वर्तमानपत्राने पुसतात, घाई असली तर पँटलाच पुसतात. पण मला पुसत मात्र कुणी नाही! तेल किती आहे ते बघायचं आणि पुन्हा नळीत ढकलायचं, एवढाच आमचा संबंध.

कारखान्यात पत्र्याच्या लांब फितीतून मला कापलं, टोकाला खुणा ठोकल्या आणि माल वाहणाऱ्या एका छोट्या टेम्पोच्या इंजिनात सोडलं. पहिला मालक औषधांची खोकी पोचवायचा. त्याने मला कधी बाहेर काढलंच नाही. पोटातलं तेल डांबरासारखं काळं झालं तरी गृहस्थ आरशात भांग पाडत होता. शेवटी त्याने गाडी एका दूधवाल्याला विकली, आणि मी माणसात आले.

दूधवाल्याच्या घरी तिघं. तो, त्याची बायको आणि त्याचे म्हातारे वडील. वडिलांना सगळे बाबा म्हणत. धंदा मूळचा बाबांचा, आणि धंद्यात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांची दूध पारखायची एक रीत होती. अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचा आणि हात तिरका करायचा. थेंब जागेवर थांबला तर दूध चांगलं, घरंगळला तर पाणी घातलेलं. त्या नखापुढे भल्याभल्या गवळ्यांची बोबडी वळायची.

तेव्हा आम्ही खाली, उन्हाळ्याच्या मुलखात होतो. तिथे गाडीला जाड तेल घालत, आणि त्या उन्हात ते शोभायचंही. मग धंद्यासाठी सगळं बिऱ्हाड वर थंड गावात आलं. इथे हिवाळ्यात नळाचं पाणी गोठतं आणि दुधाच्या कॅनची झाकणं हाताला चिकटतात. पहिल्याच थंडीत इंजिन कण्हायला लागलं. चावी फिरवली की गुर्र, गुर्र, आणि मग गप्प.

बायको एकदा गाडीचा बल्ब आणायला स्पेअरपार्टच्या दुकानात गेली, तेव्हा तिथल्या बाईंना तिने हे सांगितलं. बाईंनी विचारलं, "तेल कुठलं घालता?"

"वीस डब्ल्यू पन्नास. खाली असताना तेच घालायचो."

"अगं बाई, ते इथे नाही चालायचं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. तुमच्या गाडीला इथे पाच डब्ल्यू तीस घाला."

तिने तो डबा आणला. दूधवाल्याने जुनं तेल उतरवून नवं ओतलं. काय सांगू तुम्हाला, पहिल्यांदा मला थंडीत मोकळा श्वास घेता आला! चावी फिरली रे फिरली की तेल सरसर वर, पार इंजिनाच्या माथ्यापर्यंत. दूधवाला खुशीत शीळ घालत कॅन भरू लागला.

आणि तिथेच माशी शिंकली. बाबा काठी टेकत अंगणात आले. "नवं तेल घातलंस म्हणे. बघू."

त्यांनी मला बाहेर काढलं. माझ्या टोकावरचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि हात तिरका केला. थेंब घरंगळून मनगटापर्यंत गेला.

"पाणी आहे हे," बाबा म्हणाले. "फसवलं तुम्हाला."

"बाबा, ते थंडीचं तेल आहे," सून म्हणाली. "पातळच असतं. दुकानातल्या बाईंनी…"

"दुकानदार पातळ विकणारच, पोरी. सगळं आयुष्य हेच बघत आलोय मी. आणि थंडीत माणूस जाड पांघरूण घेतो की पातळ?"

ऐकायला पटतं हो ते. पण पांघरूण अंगावर पडून असतं, तेलाला पळावं लागतं. सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कॅनकडे बघितलं.

"अगं, बाबांना कळतं," तो पुटपुटला. त्याच दिवशी पातळ तेल उतरलं आणि जाड तेल परत आलं.

पुढचे दिवस मी थिजलेल्या तुपात रुतल्यासारखी काढले. गाडी सुरू व्हायची, पण रडतरखडत. तेल खालीच बसून राहायचं आणि वरचे भाग कोरडे एकमेकांवर घासायचे. दूधवाला मला रोज काढून बघायचा. तेल वरच्या खुणेपर्यंत असायचं. "काठोकाठ आहे," असं म्हणून तो समाधानाने बॉनेट आपटायचा. किती आहे हे मला सांगता येतं, कसं आहे हे सांगता येत नाही. जीव तीळतीळ तुटायचा माझा.

मग एका बर्फाच्या दिवशी, उजाडता उजाडता, बाबांच्या छातीत कळ आली. अंगावर घाम, ओठ निळसर. दवाखाना चढ ओलांडून पलीकडे. सुनेने त्यांना मागे कॅनच्या जागेवर गादी टाकून झोपवलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चावी फिरली. गुर्र. पुन्हा फिरली. गुर्र, गुर्र. कितव्या तरी झटक्याला इंजिन खोकून जागं झालं. दूधवाल्याने पाय दाबून रेस दिली.

"अहो, तेलाचा लाल दिवा जळतोय, तेल वर चढलेलं नाही," सून मागून मान उंचावून म्हणाली. "रेस देऊ नका, जरा गरम होऊ द्या."

"थांबायला वेळ आहे का? बघतेस ना बाबांकडे?"

खोटं नव्हतं त्याचंही. तो तसाच निघाला. तेल माझ्याभोवती गोळा होऊन बसलं होतं, आणि वर लोखंड लोखंडाला खात होतं. आधी टकटक, मग खडखड. चढाच्या मध्यावर एक मोठा दणका बसला आणि इंजिन जाम झालं. चाकं बर्फात उभी राहिली.

दूधवाला उडी मारून खाली आला. बॉनेट उघडलं, मला उपसलं, शर्टाला पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा उपसलं. तेल वरच्या खुणेला होतं.

"तेल तर भरपूर आहे!" तो ओरडला. "तेल भरपूर आहे हो बाबा!"

तो मला घेऊन मागच्या दाराशी आला, तसा बाबांनी हात पुढे केला. त्यांना मी हवी होते. त्यांनी मला हातात धरलं. माझ्या टोकावर तेलाचा गोळा होता, तो पडतही नव्हता. बाबांनी तो अंगठ्याच्या नखावर घेतला आणि हात तिरका केला. थेंब जागचा हलला नाही.

"हे बघ," ते म्हणाले. "याला म्हणतात तेल."

थोड्या वेळाने एक ट्रक आला, पण तोपर्यंत सुनेच्या मांडीवरचं डोकं जड झालं होतं.

ते इंजिन भंगारात गेलं. दूधवाल्याने तसलीच दुसरी जुनी गाडी घेतली. तिची पट्टी तुटलेली होती, म्हणून त्याने मला तिच्यात घातलं. तेल घ्यायला नवराबायको त्याच दुकानात गेले. गाडी दारातच उभी होती, बॉनेट उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"पाच डब्ल्यू तीस द्या," बायको म्हणाली.

"वीस डब्ल्यू पन्नास," तो म्हणाला.

"अहो, ऐका माझं. बाबा तेलामुळे गेले असं मी म्हणत नाहीये. कुणीच म्हणत नाहीये. त्यांचं हृदयच थकलं होतं. पण आता तरी…"

"आता तरी म्हणजे काय? आज पातळ घातलं, तर तेव्हा का नाही घातलं? सांग ना. तेव्हा का नाही?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी दुकानातल्या बाईंनी जाड तेलाचा डबा काढून दिला.

मी पुन्हा त्याच तेलात उभी आहे. सकाळी तीच गुर्र ऐकते. बायको आता रोज त्याच्या शेजारी बसून फेरीला जाते, त्याला एकट्याला सोडत नाही. नुसती त्या लाल दिव्याकडे बघत राहते. आज रस्त्यावर बर्फ आहे, आणि चढ तोच आहे.

तुम्ही त्याच्या ओळखीचे असाल तर त्याला गाठा. बाबांना बोल लावायचा नसेल आणि स्वतःलाही लावून घ्यायचा नसेल, तर माझ्यावर ढकल म्हणावं. पट्टी खोटी निघाली, तिने चुकीचं दाखवलं, असं गावभर सांग म्हणावं. मी पोलादाची आहे, सोसेन. पण हे तेल उतरव रे बाबा, आजच्या आज उतरव.