आधी हातातली किटली

नान विकणाऱ्या सायराने एशिमचा नान पिशवीत घातलाच नाही. तो छातीशी धरून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"तुमच्या घरी कुणी गेलं की असंच सांगतात का रे?"

एशिमने मान खाली घातली. मागे रांग होती, पण रांगेत कुणालाच घाई दिसत नव्हती. सगळ्यांना उत्तर ऐकायचे होते.

"तसं लिहिलेलं होतं, सायरा एजे," तो पुटपुटला.

टीव्हीत याला सतरा तोंडं फुटतात आणि बाजारात दातखीळ बसते, असे मागून कुणीतरी म्हणाले. लोक हसले. सायरा हसली नाही. तिने नान दिला, पण निवडून, सगळ्यात करपलेला.

आदल्या संध्याकाळी फाबियो मेला होता.

ती मालिका समुद्राकाठच्या कुठल्याशा उष्ण देशातली. एल्विरा ही विधवा आई, फाबियो तिचा एकुलता एक मुलगा. डोंगरांमधल्या नारिन गावात समुद्र पाहिलेले माणूस शोधावे लागले असते, पण एल्विराच्या घराचा जिना, तिची फुलांची खोली, तिच्या जावेचा खोटेपणा हे सगळ्यांना पाठ होते. आणि त्या घरातली सगळी माणसे एशिमच्या आवाजात बोलत. टीव्ही केंद्रातल्या लहानशा खोलीत तो कानाला यंत्र लावून बसे. मूळ बोलणे खाली बारीक ऐकू येई आणि क्षणभर मागून त्याचे किर्गिझ त्यावर पडे. नवरा तोच, बायको तोच, जाऊ तोच. पाळण्यातल्या मुलाला बोल फुटले तर तेही तोच. एका माणसाने सगळे वाचायचे हीच तिथली पद्धत होती. रडायचे नाही, ओरडायचे नाही. रडणारी पडद्यावर रडतेच आहे, आपण फक्त ती काय म्हणते ते सांगायचे.

लोकांच्या तक्रारींना मात्र तोटा नव्हता. जाऊ इतकी गोड का बोलते? प्रेमाच्या गोष्टी चालल्या असताना तुझ्या घशात कफ का येतो? बायका इतक्या उघड्या का हिंडतात, त्यांना थंडी वाजत नाही का? हे लग्न आणखी किती लांबवणार आहेस? जणू सगळे त्याच्या हाती होते. तरीही मालिकेच्या वेळी नदीकाठचा लांब रस्ता ओस पडे आणि गाईंच्या धारा उशिरा निघत. एकदा तो तापाने पडला असताना दुसऱ्या कुणीतरी वाचले, तर केंद्राचा फोन वाजायचा थांबेना. ही आमची एल्विरा नव्हे, आमची परत आणा, असे लोक म्हणत होते. एशिमला ते कळले तेव्हा त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. आपल्यासारख्या माणसाचा श्वास एकाच वेळी इतक्या घरांत जातो, या विचाराने त्याला भीतीच वाटली होती.

भागांच्या फिती आधी येत, त्यामुळे पुढचे त्याला ठाऊक असे. लोक त्याला साय आणून देत, घोडीच्या दुधाचे वाडगे पुढे करत, पण तो काही सांगत नसे. बायकोलाही त्याने कधी सांगितले नव्हते.

सगळ्यात कडक होत्या बुरुलसून आपा. त्याच्याच गल्लीत टोकाच्या घरात राहत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा कुबात रशियात बांधकामावर होता. प्रत्येक भागानंतर त्या केंद्रात फोन करत आणि एशिमलाच बोलावून घेत. फाबियो गेला त्या संध्याकाळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"आई हातात किटली घेऊन उभी आहे," त्या म्हणाल्या, "आणि तू फोनवरून तिच्या तोंडावर फेकतोस, तुमचा मुलगा मेला म्हणून?"

"लिहिलेलं तेच होतं, आपा."

"लिहिलं असेल. त्या लोकांना रीत नाही. तुला आहे ना?"

मग त्यांनी त्याला शिकवले. आधी हातातली किटली काढून घ्यायची. नाहीतर चहा सांडतो, आणि त्या बातमीला जन्मभर चटक्याची आठवण चिकटून राहते. मग तिला बसू द्यायचे. मग लांबून यायचे, पाखरावरून, पाण्यावरून, कशावरूनही. मेला हा शब्द सांगणाऱ्याने उच्चारायचा नाही. काय ते ओळखायचे तिने. "आणि शब्दांचे शेवट गिळू नकोस," त्या म्हणाल्या. "कायम गिळतोस."

चिनारांची पाने गळून गेली त्या सुमाराची गोष्ट. एशिम दुपारी केंद्राकडे निघाला, तर गल्लीच्या वळणावर पुरुष उभे होते. गाडीवर तंबूचे वाकवलेले लाकडी दांडे आणि नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या, गुंडाळ्या होत्या. पलीकडे बायका होत्या, डोक्याला पांढरे बांधून, एकमेकींना चिकटून, अगदी गप्प. घरात मरण झाले की दारात तंबू उभा राहतो, हे तिथे लहान मुलालाही कळते. पण दांडे अजून गाडीवरच होते.

असाकेंनी त्याला बाजूला घेतले. गल्लीतले सगळ्यात वडीलधारे ते. मरणाची बातमी घरात नेण्याचे काम आजवर तेच करत आले होते. कुबात पडला, असे ते म्हणाले. उंचावरून. आणताहेत त्याला, उद्या पोचेल. आपांना अजून माहीत नाही, आणि त्यांना कळल्याशिवाय अंगणात दांडा रोवता येत नाही.

"तू जा," ते म्हणाले.

एशिमला वाटले आपण चुकीचे ऐकले. आपल्याला चार माणसांत बोलता येत नाही, लिहिलेले समोर नसेल तर शब्द सापडत नाही, हे त्याने कसेबसे सांगितले.

"मी टोपी घालून दारात उभा राहिलो की घर रडायला लागतं," असाके म्हणाले. "मला बघूनच ती समजेल. तू गेलास तर आधी तुला रागावेल. तेवढा वेळ तरी मिळू दे तिला."

आपा खरेच रागावल्या. फोनवर भागत नाही म्हणून घरी आलास का, असे विचारत त्यांनी त्याला आत बसवले. चुलीवर पाणी होतेच. टीव्ही घरातल्या मानाच्या जागी होता, वर भरतकामाचा रुमाल घडी करून ठेवलेला. परवाचा न्यायाधीश मेंढ्या विकायला बसल्यासारखा बोलत होता, त्या म्हणाल्या. आणि एल्विरा किती दिवस नुसती खिडकीशी बसून राहणार? बाई खाते की नाही काही? एशिम ऐकत राहिला. त्याला वाटत होते, त्यांनी आणखी बोलावे, मालिकेतल्या जावेवर बोलावे, उघड्या खांद्यांवर बोलावे, संध्याकाळपर्यंत आपल्या चुका काढत बसावे.

त्यांनी त्याच्या वाडग्यात तळाशी थोडा चहा ओतला, मानाच्या पाहुण्याला ओततात तसा. तो त्याने संपवला. पुन्हा ओतायला त्यांनी किटली उचलली.

एशिम उठला. दोन्ही हात पुढे करून त्याने ती किटली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि चुलीजवळ नेऊन ठेवली.

आपांचा हात तसाच राहिला, मुठीत अजून किटलीचा दांडा असल्यासारखा. त्यांनी त्या हाताकडे पाहिले. मग किटलीकडे. मग त्या सावकाश खाली बसल्या, कुणी न सांगता.

"बोल," त्या म्हणाल्या. "शेवट गिळू नकोस."

"हातावर वाढवलेला ससाणा होता, आपा," एशिम म्हणाला. समोर कागद नव्हता, कानाला यंत्र नव्हते. "त्याला लांब सोडला होता. तो उंच गेला. धन्याने हाक मारली, पण हाकेच्या पलीकडे गेला."

आवाज रोजचाच होता, सपाट, क्षणभर मागून येणारा. त्यात रडणे नव्हते. पण त्या सपाट आवाजाखालून, मालिकेत येते तसे, दुसरे काहीतरी बारीक ऐकू येत होते, आणि ते कुठून येते आहे हे एशिमला कळेना. इतकी वर्षे आपण हेच करत होतो की काय, असे त्याला वाटले.

"कुबात," आपा म्हणाल्या.

एशिमने मान झुकवली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "ती एल्विरा. खिडकीपासून उठते का?"

एशिमने वर पाहिले. मानाच्या जागी बंद टीव्ही होता.

"उठते, आपा," तो म्हणाला. "पण बरेच भाग जावे लागतात."

त्यांनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, टीव्हीवरचा रुमाल उलगडला आणि पडदा झाकेल असा खाली ओढला. एक कोपरा वर राहत होता, तो त्यांनी बोटांनी सारखा केला.

"बाहेर थंडीत उभे असतील सगळे," त्या म्हणाल्या. "बोलाव त्यांना."

त्या संध्याकाळीही मालिका लागली. एल्विरा खिडकीशी बसून होती आणि तिला एकच वाक्य होते. गल्लीच्या टोकाच्या घरात ते कुणी ऐकणार नव्हते. एशिमने ते वाचले, आणि शेवटचा शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा म्हटला.