दहाचं फाटक

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालातली. त्या वर्षी टेलिफोन ऑफिसात मुली भरायच्या होत्या आणि घड्याळजींच्या थोरलीला लेखी परीक्षेचं बोलावणं आलं होतं. वयाची अट एकविसाच्या आतली. पुढल्या महिन्यात तिला एकवीस पूर्ण होत होती, म्हणजे पहिली संधी तीच आणि शेवटचीही तीच. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं : सकाळी दहा वाजता फाटक बंद होईल.

परीक्षेची जागा अठरा किलोमीटरवर. बस एकच, सातची. आई आठवडाभर घोकत होती, "सातच्या बसने जा ग बाई, तिथे जाऊन तासभर बसलीस तरी चालेल." पण बाबांनी ते मनावर घेतलं नाही.

"बसमध्ये चेंगरून जायचं आणि घामेजल्या हातांनी पेपर लिहायचा? मी नेतो. साडेआठला निघालो तरी सव्वानऊला फाटकाशी."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली होती. तिच्यावर त्यांचा जीव मुलींपेक्षा कणभरच कमी होता. आदल्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते अंगणात तिच्याशेजारी मांडी ठोकून बसले. थोरली कंदील धरून उभी. तीस वर्षं मनगटी घड्याळं उघडणाऱ्या माणसाला मोटारसायकल म्हणजे एक मोठं घड्याळच वाटायचं. इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण काढून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. किक हळूच दाबली की आत धातूची दोन इवलीशी टोकं एकमेकांना शिवत नि दूर होत.

"हे पॉइंट. ठिणगी इथूनच निघते," ते म्हणाले. टोकं पुसून स्वच्छ केली आणि घड्याळाच्या तेलाचा थेंब तारेच्या टोकावर घेऊन अगदी हलक्या हाताने दोन्हींवर टेकवला. "धातूला धातू लागला की झीज आलीच. तेल हवं."

"चालू करून बघू या?" तिने विचारलं.

"छे! तेल दिलेलं काम रात्रभर बसू द्यायचं. घड्याळाला हलवतो का आपण?"

सकाळी सव्वाआठला ती इस्त्रीचे कपडे घालून, पत्र आणि दोन पेनं घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी किक मारली. इंजिन नुसतं खोकलं. दुसरी मारली, तिसरी मारली. विसाव्या किकला त्यांनी कोट काढून तिच्या हातात दिला.

समोरच्या घरातून मामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. हाताला कायम शाई लागलेली आणि तोंडाला लगाम नाही.

"काय दाजी, रुसली वाटतं तुमची दुसरी बायको?"

"तू चेष्टा नंतर कर. पेट्रोल बघ."

पेट्रोल होतं. तोटी उघडी होती. नळी काढली तर हातावर धार आली. मग कार्बोरेटर खोलून फुंकला, पुसला, बसवला. ढिम्म. मामाने प्लग काढला, इंजिनाला टेकवून धरला आणि म्हणाला, "मारा किक." ठिणगीचं नाव नाही. घरात नवा प्लग होता, तो लावला. त्यालाही ठिणगी नाही.

"दाजी, मग ते बाजूचं झाकण खोला. पॉइंट बघा."

"तिथे बघायला नको. कालच मी स्वतः हात फिरवलाय."

"म्हणूनच म्हणतो."

"तीस वर्षं हेच करतोय मी! माझा हात लागलेली वस्तू बिघडत नाही."

आई दाराच्या चौकटीला टेकून नुसती बघत होती. पावणेनऊ झाले.

मामा तिच्याकडे वळला. "माझ्या सायकलवर बस. तासाभरात नेतो. पाय तुटले तर माझे तुटतील."

ती हो म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण बाबांनी मान वर केली. कपाळावर काळा पट्टा, हातात पाना. म्हणाले, "अग, आता झालंच. दोन मिनिटं." त्या नजरेत असं काही होतं की तिला हो म्हणवेना. ती म्हणाली, "थांबू या मामा, दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं संपेनात. गाडी ढकलून उतारावर नेली. बाबा वर बसले, मामा आणि ती मागून ढकलत धावले. गियर टाकला की गाडी हिसका खाऊन थांबायची. तीन वेळा उतरली, तीन वेळा चढवली. तिचे इस्त्रीचे कपडे पाठीला चिकटले. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, तिला एकदा खाली पाडून उचला, आमचा रेडिओ तसाच लागतो." कुणी हसलं नाही. सव्वानऊ झाले. आता सायकलने जाण्यातही अर्थ नव्हता, आणि हे तिघांनाही कळलं होतं.

मामा धावत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री एका ट्रकखाली पाय बाहेर काढून झोपल्यासारखा काम करत होता. शेवटी पावणेदहाला तो पाय ओढत आला. त्याने काही विचारलं नाही, सरळ गोल झाकण उघडलं. बाबा बाजूला सरकले.

"इथे तेल कुणी घातलं?"

मामाने दाजींकडे पाहिलं.

"घड्याळजी, घड्याळात तेल. इथे हाडासारखं कोरडं लागतं. तेल आलं की ठिणगी मेली." खिशातला जाड कागद त्याने टोकांमधून दोनदा ओढला, झाकण लावलं आणि हातानेच किक दाबली. गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. इतकी सुरेख वाजत होती की थोरलीला रडू आलं.

तरीही ते दोघं गेले. बाबांनी गाडी कधी नव्हे इतकी पळवली. ती मागे बसून त्यांचा सदरा घट्ट धरून होती, आणि मनात एकच म्हणत होती, थोडं मागेपुढे होतं, माणसंच असतात ना.

फाटक बंद होतं. आतल्या भिंतीवरचं घड्याळ दहा वीस दाखवत होतं. बाबांनी गजांतून त्याच्याकडे एकटक पाहिलं आणि आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे," ते पहारेकऱ्याला म्हणाले.

"बरं, मग सोळा मिनिटं उशीर," पहारेकरी म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा काका, पाणी घ्या. पण फाटक नाही उघडायचं मला."

बाबा बसले नाहीत. गज धरून उभे राहिले. आत, उघड्या खिडकीतून, पन्नासेक मुलींच्या वाकलेल्या माना दिसत होत्या. थोरलीने ते बघितलं आणि बाबांच्या खांद्याला हात लावला. "चला बाबा."

बाबांनी त्यानंतर मोटारसायकलला पाना लावला नाही. वर्षभराने मिस्त्रीलाच ती विकली. तो मरेपर्यंत तिच्यावरून फिरला. घड्याळांचं दुकान मात्र पुढे अठरा वर्षं चाललं आणि डोळे गेले तेव्हाच बंद झालं. मामा छापखान्यातून निवृत्त झाला. तो गोष्ट सांगताना दाजींचा थेंब नेहमी वाटीभर व्हायचा, आणि आई त्याला दर वेळी गप्प करायची. ती सगळ्यांच्या आधी गेली.

थोरलीने एका शाळेत बदली कारकून म्हणून सुरुवात केली, पुढे कायम झाली, लग्न केलं, दोन मुलं वाढवली. टेलिफोन ऑफिसातल्या त्या मुलींची जागा वीस वर्षांनी यंत्रांनी घेतली. लोक तिला म्हणत, "बघ, झालं ते बरंच झालं." ती मान हलवायची. पण वीस वर्षं कानाला हेडफोन लावून साऱ्या गावाशी बोलायला मिळालं असतं, आणि ते हुकल्याबद्दल बरं वाटून घ्यायला तिला कधीच जमलं नाही.