चार हातांपलीकडची दामिनी

आमच्या सौंसरात कोणीही सांगेल की नत्थूजीचं बोलणं पूर्ण ऐकावं आणि त्यातल्या अर्ध्यावर विश्वास ठेवावा. कोणत्या अर्ध्यावर, हे कोणी सांगत नाही. त्या एका सवलतीवर माझं आजवर चाललं आहे.

तर माझ्या लेन्सची गोष्ट. लेन्स जर्मनीची. पांढुर्ण्याला माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची. मुठीत मावणारी, पण वजनाला वाण्याच्या तागडीतल्या बाटासारखी. अंधारात उजेड शोधून प्यायची तिची सवय एवढी वाईट, की कंदिलासमोर फोटो काढला तर वात आपोआप खाली जायची. एकदा लोडशेडिंगमध्ये एका नवरदेवाचा फोटो काढला. तो इतका लख्ख आला की नवरदेवाने लपवलेली तंबाखूची पुडी सासऱ्याला दिसली. पुडी खिशाच्या आत होती. लग्न मोडता मोडता वाचलं.

पुढे फिल्म गेली, फिल्ममागे स्टुडिओ गेला. त्या जागी आता प्रवीण नावाचा पोरगा मोबाइलची कव्हरं विकतो. लेन्स मी घरी आणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, म्हणजे ओल लागून काचेवर बुरशी चढत नाही. आमची बायको कलाबाई भाताला तांदूळ काढताना ती हाताला लागली की ओरडायची, "निघाली पाहा माझी सवत!"

या सवतीने काढलेला एक फोटो मात्र कलाबाईने बैठकीत लावला होता. आमची एकुलती एक पोरगी दामिनी, तेव्हा परकरातली, भुलाबाईसमोर बसून गाणं म्हणताना. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी मांडतात. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात आणि कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला पोरी गाणी म्हणतात. भुलाबाई माहेरी आलेली असते ना! आमच्या घरी त्या वेळी बल्ब लावत नाहीत, नुसते तेलाचे दिवे. लोडशेडिंगच्या काळात सुरू झालेला तो नाइलाज होता, पण कलाबाईने त्याची रीत करून टाकली. दुसरी रीत अशी की बाप्यांनी आत यायचं नाही, ओसरीवर बसून ऐकायचं. तो फोटो मी ओसरीवरूनच काढला होता.

यंदाच्या पावसात बैठकीची भिंत पाझरली आणि फोटोत शिरली. दामिनीच्या चेहऱ्याच्या जागी एक पिवळा डाग उरला. कलाबाईने फोटो उतरवला, पण खिळा तसाच ठेवला.

दामिनी बंगळूरला असते. कॉम्प्युटरवर काम करते. दिवाळीला येते, कधी येतही नाही. भुलाबाईला तर ती नोकरीला लागल्यापासून आलीच नव्हती. यंदा कोजागिरीच्या आधी तिचा फोन आला, एका मुक्कामासाठी येते म्हणून. फोन ठेवल्यावर कलाबाईने खिळ्याकडे पाहिलं.

"अवो, मले तिचा फोटो पायजे. भुलाबाईच्या उजेडातला. होता तसाच."

"मोबाइलवर काढू की."

"मोबाइलवरचा नको. त्यातली पोरगी ट्यूबलाइटसारखी दिसते. दिवे लावा का नका लावू, तो मेला दिवसच करून टाकते."

बाई खरं बोलत होती. मी लेन्स तांदळातून बाहेर काढली.

कॅमेरा घरात होता. दामिनीने कॉलेजात असताना घेतलेला, नवशिक्यांसाठी असतो तसला, डिजिटल. नोकरीच्या गावी जाताना ती तो कपाटात ठेवून गेली. त्याची स्वतःची लेन्स अंधार पडला की घाबरून पुढे-मागे किरकिरायची आणि शेवटी गप्प बसायची. माझी जर्मन तर आट्यांवर फिरवून बसवायची, आणि या कॅमेऱ्याला आटेच नाहीत. मध्ये जोडायला रिंग लागते. मी पांढुर्ण्याची बस धरली आणि माझ्याच जुन्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरलो.

प्रवीणने मोबाइलवर शोधून पाहिलं. "काका, दोन परकारच्या रिंगा येतात. एकीत बारीक काच असते, एकीत नसते. काचवाली घ्या. बिनकाचवालीनं दूरचं साफ दिसत नाही म्हणतात."

"बेटा, जर्मन काचेच्या मागं कोणाचीही काच लावू? म्हणजे घट्ट दुधात नळाचं पाणी?"

"मंग मागून बोलू नका मले."

"बिनकाचवालीच मागव."

रिंग आली. मी लेन्स चढवली, बटण दाबलं. कॅमेऱ्याने पडद्यावर लिहून दाखवलं, लेन्स जोडलेली नाही. एवढी जड बाई त्याच्या तोंडावर बसलेली, आणि हा म्हणतो कोणी नाही!

"बरोबर तर सांगून राहिला," कलाबाई म्हणाली. "कोण्या जमान्यातली सोयरीक, तो कसा ओळखन?"

शेवटी सगळं हाताने करायचं अशा खुणेवर चकती फिरवली, तेव्हा तो कसाबसा राजी झाला. पण उजेड किती, ते काही सांगेना. सांगू नको, म्हटलं. मी माझा तळहात दिव्यासमोर धरायचो. हातावरच्या रेषा किती दिसतात त्यावरून अंदाज घ्यायचा, ही आमची जुनी पद्धत. मग रोज दिवेलागणीला सराव सुरू झाला. समोर वांगं ठेवून, पितळी तांब्या ठेवून, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, तांदूळ निवडणारी कलाबाई ठेवून. लेन्स पुरी उघडी टाकायची, श्वास धरायचा आणि लेन्सवरचं कडं केसभर फिरवून समोरचं धारेवर आणायचं. फोटो रवाळ यायचा, पण काय सांगू! कलाबाईच्या भुवईतला एक पांढरा केस असा उभा राहिला की तिने तो फोटो तिथल्या तिथे पुसायला लावला.

"एवढं बारीक पाहायचं होतं तर लग्नाच्या आधी पाहाचं होतं," ती म्हणाली.

कोजागिरीला दुपारच्या नागपूर बसने दामिनी आली. संत्र्याच्या रंगाचा कुर्ता. म्हणाली, बंगळूरच्या दुकानात हाच आपल्याकडचा वाटला. मी तिला बसस्टँडवरून घरापर्यंत तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या होत्या. ती हसली, पण हसताना मोबाइल पाहत होती. सकाळची परतीची गाडी तिने आधीच ठरवून ठेवली होती.

दिवे लागले. गल्लीतल्या पोरी जमल्या, शेजारची वत्सला आली. दामिनी मांडवाजवळ, तिच्या जुन्या जागी बसली. मी ओसरीवर माझ्या जागी बसलो, कॅमेरा डोळ्याला लावला, कडं फिरवलं.

दामिनी धूसर.

आणखी फिरवलं. थोडी आकारात आली, पण नाक कुठे, डोळे कुठे, कळेना. आणखी फिरवायला गेलो तर कडं संपलं. आटा शेवटाला टेकला आणि माझी पोरगी अजून केशरी धुकं होती. मग चढत्या क्रमाने समजलं. प्रवीण खरं बोलला होता. मी सगळा सराव गुडघ्याला गुडघा लावून केला होता. त्या रिंगेमुळे माझ्या जर्मनीला चार हातांपलीकडचं दिसेनासं झालं होतं.

आत पहिलं गाणं संपत आलं होतं. सकाळी गाडी. नवीन रिंग मागवायला आता पांढुर्णाही बंद आणि जगही बंद. मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

"कलाबाई, मले आत येऊ दे."

गाणं थांबलं. पोरी खिदळल्या. वत्सला म्हणाली, "आता काय नत्थूजी, लुगडं नेसता का?"

"अवो, तुमाले रीत माहीत नाही का?" कलाबाई म्हणाली.

"इथून दिसत नाही तिचा चेहरा. जवळ आल्याशिवाय फोटो नाही येत."

"एवढे दिवस येऊन राहिला होता."

"आणि बाप्यांनी यायचं नाही तर तो भुलोजी कोण आहे? तो तर मांडवात पाय पसरून बसला आहे. त्याला कोणी हाकललं?"

"तो बोलत नाही," कलाबाई म्हणाली.

असं हसू झालं की दिव्यांच्या वाती हलल्या. दामिनी सगळ्यात जास्त हसली. "आई, येऊ दे ना बाबाले. भुलोजीसारखे बसतीन."

"तोंड उघडलं की बाहेर," कलाबाईने निकाल दिला.

मी आत जाऊन भिंतीला टेकून बसलो, दामिनीपासून हात लांबवला तर पोचेल इतका जवळ. कॅमेरा वर केला. आणि काय सांगू तुम्हाला, गोष्टी सांगायला बंदी असली की माणसाला किती दिसतं! कानाजवळ दोन-चार पांढरे केस. डोळ्यांखाली झोप राहून गेल्याची सावली. गाण्यातली ओळ विसरली की ती आईच्या ओठांकडे पाहायची आणि अर्धा शब्द मागून म्हणायची. विचारायचं होतं, तिकडे तुझ्याशी मराठीत कोण बोलतं? रात्री जेवतेस का एकटी? पुन्हा कधी? पण मी भुलोजी होतो. कडं केसभर इकडे, केसभर तिकडे. ती श्वास घ्यायची तेवढ्यातही डोळा धारेवरून सुटायचा.

गाणी झाली. कलाबाईने खिरापतीचा डबा आणला. झाकण लावलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं, हे पोरींचं खरं आकर्षण. डबा वाजला.

"फुटाणे!" नाही. "शेव!" नाही. "मुरमुरे!" नाही.

"दामिनी, सांग ना व," वत्सला म्हणाली. "लहानपणी तर रोज तुलेच ओळखू येत होतं."

येत होतं, कारण रोज तिचा बाप ओसरीवर बसून खुणा करायचा. कान ओढला की शेंगदाणे, मिशी पिळली की खोबरं, टक्कल खाजवलं की चिवडा. कलाबाईच्या पाठीमागे चालायचं ते आमचं गुपित.

डबा पुन्हा वाजला आणि दामिनीने पटकन मान वळवली. माझ्याकडे नाही. मी तर तिच्या कुशीला बसलो होतो. तिने पाहिलं ओसरीकडे, रिकाम्या ओसरीवरच्या अंधारात. भुवया जराशा वर, ओठ जरासे उघडे, आता बाबा काय ओढतात, याची वाट पाहत. दिव्याचा सगळा उजेड त्या गालावर आला. मी श्वास धरला आणि बटण दाबलं.

मग ती दचकली, माझ्याकडे वळली. मी कॅमेरा खाली घेतला आणि कान ओढला.

"शेंगदाणे," ती म्हणाली.

सकाळी तिला गाडीत बसवलं. खिडकीत आली तेव्हा फोटो घ्यायला गेलो, पण खिडकी चार हातांपलीकडे होती. केशरी डाग, हलणारा हात, मग नुसता धूर.

कोजागिरीच्या रात्रीच्या त्या फोटोची प्रत प्रवीणने नागपूरहून करून आणवली. कलाबाईने तो खिळ्यावर टांगला आणि लांबून, जवळून, तिरप्या मानेने पाहिला.

"सुरेख आला," ती म्हणाली. "पण कुठं पाहून राहिली हे?"

"ओसरीवर मांजर आली होती."

"हं." तिने पदराने काच पुसली. "कान ओढणारी मांजर. आंधळी नव्हती मी तवा."

काल प्रवीणचा फोन होता. "काका, काचवाली रिंग मागवू का? मंग दूरचंबी साफ दिसन."

मी सांगितलं, गरज नाही. लेन्सला जामसांवलीच्या मारुतीला नेलं, प्रदक्षिणा घातली, आता तिला नागपूरपर्यंत दिसतं. सीताबर्डीवरच्या पाट्या वाचते. तो बिचारा हो म्हणाला.

खरं तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही अर्ध्यावर विश्वास ठेवणारे. दिवेलागणीला मी ओसरीवर बसतो आणि कॅमेऱ्यातून रस्त्याकडे पाहतो. बसस्टँडकडून माणसं येतात. सगळी धुक्यासारखी, नुसते रंग. त्यात कधी एखादा केशरी असतो. तो हलत हलत जवळ येतो. कडं शेवटाला टेकवून मी थांबतो. काचवाली रिंग लावली तर तो केशरी रंग चौकातच ओळखू येईल, कोणाचा कोण ते. बिनकाचवालीत तसं नाही. चार हातांच्या आत येईपर्यंत ती दामिनी नाही, असं कोणीच सांगू शकत नाही.

"दिसलं का काही?" आतून कलाबाई विचारते.

"येऊन राहिलं कोणी तरी," मी सांगतो.

आणि ती, तांदूळ निवडायचं सोडून, बाहेर येऊन बसते.