पायऱ्यांशी थांबलेली चाकाची खुर्ची

मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'वॉर्ड ७' असं लिहिलेलं आहे. त्यातला सात झिजून आता एकासारखा दिसतो. उजव्या हातावरचं रेक्झिन फाटलंय आणि त्यातून स्पंज डोकावतो. मला बोलता येत नाही, आपलं आपण चालताही येत नाही. कुणी ढकललं तर जाते, कुणी थांबवलं तर थांबते. त्यामुळे आयुष्यभर मी पाहण्याचं आणि ऐकण्याचंच काम जास्त केलं.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी नळ्या वाकवणारा कारागीर प्रत्येक नळीकडे एक डोळा मिटून बघायचा. चाकांच्या तारा ताणायचं काम एका बाईकडे होतं. ती तारेवर नखाने टिचकी मारायची आणि आवाज पटला नाही तर पुन्हा पाना लावायची. "तू सरळ चालशील गं," असं ती मला म्हणाली. ते माझं पहिलं कौतुक.

तिथून मी इस्पितळात गेले. अकरा वर्षं मी लोकांना एक्स-रेच्या खोलीत नेलं, ऑपरेशनच्या दारापर्यंत सोडलं, बरं झालेल्यांना फाटकापाशी पोचवलं. मग नव्या, हलक्या, घडीच्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखालच्या खोलीत ढकलून दिलं. चार वर्षं माझ्या चाकात कोळी संसार करून राहिला.

तिथून मला बाहेर काढलं ते नळदुरुस्तीवाल्या आजोबांसाठी. अर्ध्या शहराच्या स्वयंपाकघरातले नळ त्यांनी बसवलेले होते, इस्पितळातलेसुद्धा. एके दिवशी पाना हातात असतानाच त्यांची डावी बाजू गेली. जीभ वाचली, उजवा हात वाचला, पण चालणं गेलं ते गेलंच. आजी आधीच वारल्या होत्या. लेक दूरच्या शहरात, नातू सैन्यात. घरात होती ती घर सांभाळणारी घाईबाई.

घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती फार लांबच्या देशातून सतरा वर्षांपूर्वी आली होती. तिथे लढाईत तिचं घर जळलं होतं. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि आजोबांच्या जिभेला ते कधीच वळलं नाही. ती सदा घाईत, म्हणून ते तिला घाईबाई म्हणायचे. एक काम संपायच्या आत दुसऱ्याला हात घालायची.

"अगं, तोंडातला घास तरी खाली जाऊ दे," आजोबा म्हणायचे.

"घास आपोआप जातो, बाबा. भाजी आपोआप चिरली जात नाही."

मी घरी आले त्याच दिवशी तिने मला अंगणात उलटं केलं. चिमट्याने माझ्या चाकांत अडकलेले केस उपसून काढले, सांध्यांना तेल घातलं, ब्रेकला नवं रबर लावलं. डावा ब्रेक जरा हट्टी होता. तो घट्ट बसायचा आणि सुटता सुटायचा नाही. तिने त्यालाही दोन शिव्या दिल्या, तिच्या भाषेत. आजोबा हसून हसून बेजार झाले.

रोज सकाळी ती आम्हाला बागेपर्यंत न्यायची. आजोबा वाटेत प्रत्येक घराकडे बोट दाखवायचे. "इथली टाकी माझी. इथला शॉवर माझा. ह्या घरातल्याने मला चहासुद्धा विचारला नव्हता." सतरा वर्षांत तिने हे पाचशे वेळा ऐकलं असेल, तरी ती म्हणायची, "हो का?" मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग आमच्या सरकारने लढाई सुरू केली. नेमकी घाईबाईच्याच देशाशी. टीव्हीवर एक नकाशा दिसायचा आणि त्यावर लाल ठिपके पडायचे. घाईबाई भाजी चिरायची थांबून त्या ठिपक्यांकडे बघायची. तिचा भाऊ तिथेच राहत होता. आजोबा टीव्हीवर खेकसायचे, "काय वाकडं केलं होतं रे त्यांनी आपलं?" मग टीव्ही बंद करायचे. कारण मागच्या निवडणुकीत त्यांनी मत याच लोकांना दिलं होतं. मीच त्यांना मतदान केंद्रावर घेऊन गेले होते. आणि मला ढकलत होती घाईबाई.

महिन्याभराने नातू निरोप घ्यायला आला. अंगावर नवा कोरा गणवेश, कानामागे नुकत्याच कापलेल्या केसांची पांढरी रेघ. त्याची नेमणूक त्याच देशात झाली होती. आजोबांनी त्याच्याकडे पाठ केली, म्हणजे मला फिरवून घेतलं.

"आजोबा, मला विचारून थोडीच सुरू केलीय त्यांनी लढाई?" तो म्हणाला.

त्याला लहानपणी घाईबाईनेच भरवलं होतं. तो स्वयंपाकघरात तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. "मावशी, तुझ्या भाषेतले चार शब्द शिकव ना. उपयोगी पडतील असे."

तिने हात पुसले. तिने त्याला 'थांबा' शिकवलं, 'पाणी' शिकवलं. मग जरा विचार करून 'घाबरू नका' शिकवलं. त्याचा उच्चार चुकायचा आणि ती त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची. त्या दिवशी तिला कसलीच घाई नव्हती.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्या देशातून आलेल्या सर्वांनी सोमवारी अकरा वाजता कागदपत्रांसह कचेरीत हजर राहावं, असं त्यात होतं. तिचा राहण्याचा परवाना दरवर्षी त्याच कचेरीत नवा व्हायचा. शिक्का मारायचा आणि घरी यायचं, एवढंच ते काम.

समोरच्या काकू धावत आल्या. "जाऊ नकोस गं. हजर व्हायला गेलेली माणसं परत येत नाहीत म्हणे."

"सतरा वर्षं जातेय, काकू. नाही गेले तर गुन्हा होईल. गेले तर काय होणार आहे?"

"मी येतो बरोबर," आजोबा म्हणाले. "बघू कोण काय म्हणतो ते."

कचेरीला नऊ पायऱ्या होत्या. उतार नव्हता. घाईबाईने मला पायऱ्यांखाली सावलीत उभं केलं, दोन्ही ब्रेक लावले, आजोबांच्या मांडीवर शाल नीट केली. "दहा मिनिटांत आले, बाबा," असं म्हणून ती एकेक पायरी गाळत वर गेली. दारात तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय झालं असतं?

दहा मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. सावली सरकून गेली. आजोबांनी दारावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. "अहो, माझ्याबरोबरची बाई आत गेलीय. जरा बघता का?"

पहारेकरी आत गेला. परत आला तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. "आजोबा, तुमच्या घरी कुणाला फोन करू?"

"का? ती कुठंय?"

"मागच्या दाराने... गाडी निघतेय आता त्यांची."

आजोबांनी उजव्या हाताने उजवा ब्रेक सोडला. डाव्या ब्रेकपर्यंत हात पोचेना. ते वाकले, आणखी वाकले, शाल खाली पडली. मग त्यांनी जिवाच्या आकांताने उजवं चाक ढकललं. मित्रांनो, माझं डावं चाक जागचं हललं नाही. मी नुसती गोल फिरले. तोंड भिंतीकडे झालं. त्यांनी पुन्हा ढकललं. तोंड रस्त्याकडे झालं. पुन्हा ढकललं, पुन्हा भिंत. इमारतीच्या बाजूने एक करडी गाडी बाहेर पडली, खिडक्यांना जाळ्या असलेली. आजोबांना हाक मारायची होती. पण गाडीत किती बाया असतील, 'घाईबाई' म्हटल्यावर कोण वळेल? तिचं खरं नाव घ्यायला हवं होतं आणि ते त्यांच्या जिभेवर येईना. त्यांच्या तोंडून नुसता आवाज निघाला.

पहारेकऱ्याने धावत येऊन डावा ब्रेक सोडवला. तोवर रस्ता रिकामा झाला होता.

संध्याकाळी काकू आम्हाला घरी घेऊन आल्या. ओट्यावर चिरलेली भाजी झाकून ठेवलेली होती. आजोबांनी ती कुणाला उचलू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आली. सुटकेच्या अर्जावर एक रकाना होता: संबंधित व्यक्तीशी नातं. पुढे पती, पत्नी, आई-वडील, अपत्य अशा चौकटी.

"ह्यात 'इतर' असं काही नाहीये, बाबा," लेक म्हणाली.

"ती मला बाबा म्हणते, असं लिही."

"तसं चालत नाही."

"मग तू मला बाबा म्हणतेस ते कसं चालतं?"

लेकीने पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

मग ते दोघे लोकप्रतिनिधींच्या दारात गेले. साहेब दौऱ्यावर होते. त्यांचा मदतनीस गोड बोलणारा होता, म्हणाला, "तुमच्या भावना साहेबांपर्यंत पोचवतो."

"भावना नको पोचवू, अर्ज पोचव," आजोबा म्हणाले. त्याने अर्ज घेतला आणि तशाच अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला. त्याच साहेबांच्या घरातला गिझर आजोबांनी बसवला होता. पण ते कुणाला सांगणार?

चौथ्या दिवशी घाईबाईचा फोन आला. तिला तीन मिनिटं मिळाली होती. "बाबा, निळी गोळी जेवणाआधी. पांढरी अर्धीच. खुर्चीच्या डाव्या ब्रेकला तेल घाला, काकूंना सांगा..."

"तू कशी आहेस ते सांग आधी!"

"मागे रांग आहे, बाबा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आठवड्याने तिला विमानात बसवून परत पाठवलं. बातमी आजोबांनी लेकीकडून दोनदा ऐकली. मग म्हणाले, "नातवाला तिथे लढायला धाडलं. हिला तिथेच राहायला धाडलं. वरून बॉम्ब टाकणारेही हेच. मी इथे बसून करू तरी काय?"  

तिथून तिचा एकदाच फोन आला. ती भावाच्या घरी पोचली होती. खिडक्यांना काचा उरल्या नव्हत्या, प्लास्टिक लावलं होतं. विमानं दिवसासुद्धा येत होती. कुणाची, ते तिने सांगितलं नाही आणि आजोबांनी विचारलं नाही. त्यांना हुंदका फुटला. "मीच मत दिलं गं यांना."

पलीकडे खरखर वाढली. मग ती म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का?"

त्यानंतर तो नंबर लागला नाही. आजही लागत नाही.

नातू जिवंत आहे. त्याचा बोललेला निरोप लेकीच्या मोबाइलवर आला, तो मीही ऐकला. "आजोबा, एका घरात आम्ही झडती घ्यायला शिरलो. कोपऱ्यात दोन बायका आणि पोरं होती. मी मावशीने शिकवलं तसं म्हटलं, घाबरू नका. तर त्या आणखीच घाबरल्या. माझ्या हातात बंदूक होती ना. त्यांच्या भाषेत बोलणारा बंदूकवाला बघून एक तर ओरडायलाच लागली. मावशीला सांगू नका हे." मावशी आता त्याच्याच बाजूला कुठेतरी आहे, हे त्याला तोवर कुणी कळवलेलं नव्हतं. आजोबांनी पत्ता कळवला. त्याचं उत्तर आलं, की त्या भागात त्याच्या तुकडीला जायची परवानगी नाही.

लेक त्यांना आपल्या घरी न्यायला बघते. आजोबा जात नाहीत. "तिला इथलाच फोन पाठ आहे," म्हणतात. काकू दोन वेळचं जेवण आणून देतात. माझ्या ब्रेकला तेल मिळत नाही, मागचं एक छोटं चाक करकरतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दर सोमवारी काकू आम्हाला कचेरीत नेतात. काही आठवडे आम्ही नुसते पायऱ्यांखाली थांबलो. मग एका सोमवारी त्या पहारेकऱ्याने कुठून तरी दोन फळ्या आणल्या, पायऱ्यांवर टाकल्या आणि काकूंच्या मदतीने मला वर चढवलं. मी पहिल्यांदाच ती इमारत आतून पाहिली. भिंतीला ताजा रंग दिला होता, पंखे फिरत होते. अर्ज द्यायची खिडकी मात्र उंच होती, उभ्या माणसाच्या छातीएवढी. आजोबांचं नुसतं कपाळ पलीकडून दिसत असेल.

"फाईल बंद झालीय, आजोबा," पलीकडून आवाज आला. आवाज वाईट नव्हता. तरुण होता, दमलेला होता.

"मग उघडा."

"बंद फाईल उघडण्याचा अर्ज इथे नाही मिळत."

"कुठे मिळतो?"

 कागदांची सळसळ ऐकू आली. आजोबांनी उजवा हात वर करून खिडकीच्या फळीवर टेकवला. म्हातारा, पान्याने घट्टे पडलेला हात. तो तिथे बराच वेळ होता. पलीकडच्याने शेवटी म्हटलं, "पुढचे कोण?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची काळजी घ्या, तिला तेलपाणी करा, असं सांगून मी ही गोष्ट संपवायला हवी. पण माझं काय, मी लोखंडाची आहे. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातला कुणीतरी अशाच उंच खिडकीमागे खुर्चीवर बसेल. तुमच्यासमोर नियम असेल, आणि तो तुम्ही केलेला नसेल. तेव्हा एवढंच करा, जागेवरून उठा आणि वाकून बघा, खिडकीखाली कोण बसलंय ते. तेवढ्याने घाईबाई परत येणार नाही, विमानंही थांबणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही उठा.

त्या सोमवारी कुणी उठलं नाही.