छपाई बंद ठेवली ते चार दिवस

मेट्रनबाई तिसाव्या वर्षापासून याच इस्पितळात. त्यांची लेक इथेच संगणक विभागात लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्या सकाळी लेक सगळ्या विभागप्रमुखांसमोर बोलायला उभी राहिली आणि घाम फुटला तो मेट्रनबाईंना.

“आपल्या संगणकांच्या छपाईच्या यंत्रणेत एक भोक सापडलंय,” लेक म्हणाली. “साध्या लॉगिननं आत शिरलेला माणूस त्यातून थेट त्या संगणकाचा मालक होऊ शकतो. पेशंटच्या नोंदी बदलेल, पुसेल, काय वाटेल ते करेल. कंपनीचं अपडेट यायला तीन-चार दिवस लागतील. तोवर छपाई बंद ठेवायची.”

“दोनशे अठरा संगणकांची?” अधीक्षक डॉक्टर ताडकन सरळ बसले. “मग पेशंटला घरी सोडताना कागद काय द्यायचा?”

“हातानं लिहून, सर.”

“आमचं अक्षर पाहिलंय का तुम्ही?” सर्जन म्हणाले. सगळे हसले.

“पाहिलंय. म्हणूनच प्रत्येक कागद आधी सिस्टर मोठ्यानं वाचतील, मग तुम्ही सही करायची.”

अधीक्षकांनी ‘रविवारी बघू’ म्हणून विषय बाजूला सारला. लेकीनं वाद घातला नाही. चाचणीसाठी वेगळा ठेवलेला संगणक तिनं टेबलावर मांडला आणि साध्या लॉगिननं उघडला. अर्ध्या मिनिटात तो तिच्या पूर्ण ताब्यात होता.

“करा बंद,” अधीक्षक म्हणाले.

दुपारपर्यंत बहुतेक संगणकांची छपाई तिनं जागेवरूनच बंद केली. मग यादी घेऊन एकेक मजला तपासत निघाली. तिसऱ्या मजल्यावर, मेट्रनबाईंच्या वॉर्डात, तिचे हात थबकले.

“मेट्रन, या संगणकावर एक नवं खातं आहे. सगळे अधिकार असलेलं. काल दुपारी तयार झालंय आणि आम्ही केलेलं नाही. त्या वेळी लॉगिन तुमचं होतं.”

मेट्रनबाईंना आठवलं. काल ‘रजेचा नवा तक्ता’ अशी मेल आली होती. त्यातली फाइल उघडली, आत काहीच दिसलं नाही, म्हणून त्या औषधं वाटायला निघून गेल्या होत्या.

“मीच उघडली गं ती.”

लेकीनं आधी नेटवर्कची वायर उपसली. मग तासाभर ती मान वर न करता पाहत राहिली, की त्या फाइलमधून शिरलेला घुसखोर इथून पुढे कुठे गेला का. गेला नव्हता. नोंदींना धक्का लागला नव्हता. वॉर्डातल्या सगळ्यांचे पासवर्ड तिनं तिथल्या तिथे बदलून घेतले.

“आई,” ती हळूच म्हणाली. इस्पितळात तिनं अशी हाक कधी मारली नव्हती. “अहवालात हे लिहावं लागेल.”

“लिही. माझ्या हुद्द्यासकट लिही.”

“लिहिणारच होते. तुला आधी सांगावं म्हणून थांबले.”

मेट्रनबाईंना क्षणभर टोचलं. पण जिन्यावरून तरातरा खाली जाणारी ती पाठ पाहताना त्यांचा ऊर भरून आला.

चौथ्या दिवशी अपडेट आलं. लेकीनं ते आधी पाच संगणकांवर लावून पाहिलं. एक्स-रेच्या खोलीतला जुना संगणक अडून बसला, तेव्हा त्याला नेटवर्कपासून तोडून वेगळा ठेवला. बाकी सगळे संध्याकाळपर्यंत मार्गी लागले आणि प्रिंटर पुन्हा खडखडू लागले.

पुढच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. तिसऱ्या मजल्याचा मजकूर आला तसे सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले.

“मेट्रन,” अधीक्षक चष्म्यावरून पाहत म्हणाले, “मुलीनं तुम्हालाही सोडलं नाही म्हणायचं.”

“नाही सोडलं,” मेट्रनबाई म्हणाल्या, जरा मोठ्यानंच.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. लेक आतून “आई, पुरे ना!” म्हणून ओरडत होती. पण सगळी हकीकत, स्वतःच्या चुकीसकट, सांगून होईपर्यंत त्यांनी काही फोन ठेवला नाही.