लग्नातली पँट

आमच्या ह्यांना अख्खा बाजार काडीपैलवान म्हणतो. हातपाय काडीसारखे, तोरा मात्र पैलवानाचा. दिवसभर दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं, "वीस वर्षं झाली, लग्नातली पँट अजून होते मला."

होते, कारण घरात शिवणकाम करणारी मी आहे. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा बटण लागेना, तेव्हा ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बघवलं नाही. पँट धुवायला पडली तशी मागची शिवण उसवली, आतलं थोडं कापड सोडलं आणि पुन्हा टीप मारली. मग दर वर्षी तेच. ह्यांना पत्ताच नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या महिन्यात जिना चढताना ह्यांना धाप लागली. दोनदा थांबले. मी सरळ दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, छातीचा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाभोवती थोडी चरबी सगळ्यांनाच असते. तुम्हाला जास्त आहे, आणि ती वाढली की हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका वाढतो. बहुतेकदा ती पोटाबरोबर वाढते. कंबर वाढली का एवढ्यात?"

"छे," हे म्हणाले. "लग्नातली पँट घालून आलोय."

बाईंनी ह्यांच्या काटकुळ्या हातांकडे पाहिलं आणि 'नाही' लिहायला घेतलं. परक्यासमोर नवऱ्याचं नाक कापायचं, की गप्प बसून त्याचा जीव घालवायचा?

"थांबा," मी म्हणाले. "अहो, उभे राहा जरा." शर्ट वर करून मी पँटची मागची पट्टी उलटी केली. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या पाच ओळी आत स्पष्ट दिसत होत्या. "वर्षाला एक. मीच सैल करत आले."

बाईंनी ओळी मोजल्या, लिहिलेलं खोडलं. औषधं दिली, तेलकट-गोड कमी करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. वजन उतरलं तर हृदयाभोवतीची चरबीही कमी होऊ शकते म्हणाल्या.

घरी आल्यावर हे जिन्याशी थांबून म्हणाले, "पाच वर्षं ठाऊक होतं तुला?"

"तुमचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं," मी म्हणाले आणि मला रडूच आलं. "चुकलं माझं. तुम्हाला काही झालं असतं तर मशीनला पुन्हा हात लावला नसता मी."

हे माझा हात धरून सावकाश जिना चढले.

सकाळी पँट मशीनवर घडी करून ठेवलेली.

"पहिल्या ओळीवर टीप मार."

"अहो, चढणार नाही ती."

"माहीत आहे. दुकानात टांगतो."

आता ती पँट घड्याळांच्या शेजारी खुंटीला असते. रोज संध्याकाळी दुकान बंद करून हे बाजाराला दोन फेऱ्या मारतात. कुणी हाक मारतंच, काडीपैलवान, निघालात कुठे?

"लग्नातली पँट आणायला," हे म्हणतात आणि चालत राहतात. मागे मी असतेच.