एडगर आणि चारशे बारा चुका

"त्र्याण्णव," एडगर म्हणाला. "प्रिंटर. ठिकाण सापडत नाही. काढून टाकावे."

"हा नोएलनं आणलेला," डल्सी म्हणाली. "कागद खायचा मेला. तीन पानं छापली की चौथं गिळायचा. पुढे."

"अगं डल्सी, चारशे बारा आहेत," मी म्हणालो. "त्र्याण्णवलाच तीन वाजले. या हिशेबानं..."

"हिशेब तू कर, ऐकायचं काम मी करते. गप बस नि लॅमिंग्टन खा."

मी खाल्लं. डल्सीच्या घरी त्या महिन्यातलं ते माझं सातवं लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा केक. तिला जन्मापासून दिसत नाही, पण बशीतून किती गेली ते तिला बरोबर कळतं, त्यामुळे मोजून खावं लागतं.

एडगर हा माणूस नव्हे. डल्सीच्या टेबलावरच्या संगणकातला तो आवाज. पडद्यावर जे उमटेल ते तो वाचून दाखवतो. सर्दी झालेल्या पाद्र्यानं रिकाम्या चर्चमध्ये बोलावं तसा. आनंदाची बातमी आणि विजेचं बिल तो एकाच सुरात वाचतो. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. डल्सीकडे तो अठरा वर्षं आहे. या गावातले बरेच नवरे त्याहून कमी टिकलेले मी पाहिलेत.

मी शेजारी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अडतीस वर्षं कारकून होतो. भरलेली गाडी किती, रिकामी किती, मधला फरक म्हणजे ऊस. माणसांकडेही मी तसाच बघतो. वाईट खोड आहे, माझी बायको नोरा नेहमी म्हणायची. नोरा गेल्याला आता सहा वर्षं झाली, घरात मी एकटाच.

डल्सी एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होती. निवृत्त झाल्यावर घरी बसेल तर ती डल्सी कसली. रोज सकाळी साडेसातपासून ती अकरा म्हाताऱ्यांना फोन करते. सगळे एकटे राहणारे. "उठलास का? गोळ्या घेतल्यास का? नदी दिसते का खिडकीतून?" एवढंच. फोन उचलला गेला नाही तर ती कोणालातरी पाठवते. यादी संगणकात. कोणाचा खुबा बदललाय, कोणाची मुलगी पर्थला गेलीय, हे सगळं एडगर आधी वाचून दाखवतो, मग डल्सी फोन लावते.

घोटाळा झाला तो एका मंगळवारी. संगणक मुळातच म्हातारा, त्या दिवशी त्याला जागं व्हायला पंचवीस मिनिटं लागली. यादीत पहिला बर्नी गेश. नदीपलीकडे राहतो, वय ब्याऐंशी. साडेसात झाले, पावणेआठ झाले, फोन नाही. बर्नीनं काय समजायचं ते समजून घेतलं. आठ वाजता त्याची जुनी गाडी डल्सीच्या दारात. अंगात पायजमा, हातात पहार. मी गच्चीवरून बघतोय, तोवर यानं दाराच्या फटीत पहार घातलीसुद्धा.

आतून डल्सी ओरडली, "कोण आहे ते?"

बर्नीचे हात थांबले. "डल्सी? मेली नाहीस?"

"नाही. मशीन सुरू होत होतं."

"मग दार का उघडत नव्हतीस?"

"तू ठोठावलंस कुठे, बैला? सरळ पहार लावलीस!"

आम्ही तिघांनी चहा घेतला. जाताना बर्नी मला खाली जिन्याशी हळूच म्हणाला, "क्लेम, मी सातपासून फोनवर हात ठेवून बसतो रे. हसू नकोस." मी हसलो नाही. चौकटीचं लाकूड मात्र पाच इंच उखडलं होतं. ते मी बसवलं.

ही हकीकत ब्रिस्बेनला डल्सीच्या भाचीपर्यंत पोचली. ग्लेनिस म्हणजे तिच्या भावाची, नोएलची मुलगी. बाई बँकेत मोठ्या जागेवर आहे, त्यामुळे जगात कुठे काय साफ करायला हवं ते तिला दुरूनच दिसतं. तिनं फोनवरून मला एकेक बटण सांगत डल्सीच्या संगणकात एक साफसफाईचा प्रोग्राम उतरवून घेतला. संगणकाच्या पोटात एक मोठी नोंदवही असते म्हणे, कुठला प्रोग्राम कुठे आहे, त्याचा परवाना काय, हे सगळं लिहिलेली. रजिस्ट्री तिचं नाव. वर्षानुवर्षं तिच्यात मेलेल्या नोंदी साठतात. त्या शोधून पुसल्या की यंत्र पळायला लागतं, असं प्रोग्रामवाल्यांचं म्हणणं. त्यांनी तीन मिनिटांत शोधल्या. चारशे बारा चुका, लाल अक्षरांत. शोधणं फुकट, पुसायचे मात्र चाळीस डॉलर. माझ्या काट्यावर असा धंदा केला असता तर मी आज नदीकाठी बंगल्यात राहिलो असतो.

"काका, आत्याला सांगा नुसतं बटण दाबायचं," ग्लेनिस म्हणाली. "पैसे मी भरते."

डल्सी म्हणाली, "आधी सगळ्या ऐकणार."

"सगळ्या?"

"काढायच्या तर सगळ्या ऐकून."

यामागचं कारण मला ठाऊक होतं. बोर्डावर तिचं पहिलंच वर्ष. एका लाईनवर बराच वेळ आवाज नव्हता. तिनं कान लावला, शांत. बोलणं संपलं असं समजून तिनं जोडणीची दोरी ओढून लाईन तोडली. दोन मिनिटांनी वॉर्डातली नर्स धावत खाली आली. पलीकडे एका माणसाला त्याची बायको गेल्याचं नुकतंच सांगितलं होतं, आणि तो काही न बोलता फोन धरून उभा होता. नर्सही गप्प उभी होती, त्याच्यासाठी. त्यानंतर तीस वर्षं डल्सीनं एकही दोरी तीनदा विचारल्याशिवाय ओढली नाही. "बोलताय का? बोलताय का? बोलताय का?" डॉक्टर मंडळी वैतागायची. तिची नक्कल करायची. ही वैतागणाऱ्यांनाही तीनदाच विचारायची.

तर त्या दोन दुपारी आम्ही चुका ऐकल्या. ऑक्टोबर होता. नदीवरून ओलसर, गोड वाफ येत होती, दूर कुठेतरी उसाचा फड पेटवला होता आणि त्याची काळी राख पिसांसारखी तरंगत अंगणात उतरत होती. वर पंखा फिरत होता. एडगर वाचत होता. एकशे चाळीस, नाताळची शुभेच्छापत्रं छापण्याचा प्रोग्राम, ठिकाण सापडत नाही. एकशे एकेचाळीस, बोलणारं बुद्धिबळ. एकशे सत्तर, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, दोन हजार तीन. मला डुलकी लागली. डुलकीत मी काट्यावर होतो आणि समोरून गाड्या येत होत्या, एकामागून एक, सगळ्या रिकाम्या, आणि प्रत्येक गाडीचा हाकणारा पाद्र्याच्या आवाजात सांगत होता की आपल्याला काढून टाकावं. मी प्रत्येकाला वजनाची चिठ्ठी देत होतो. चिठ्ठीवर शून्य लिहावं की काय लिहावं ते सुचत नव्हतं. मध्येच डल्सीचा आवाज यायचा. "हे बुद्धिबळ नोएल माझ्याशी फोनवरून खेळायचा, ठाऊक आहे? लबाडी करायचा. त्याला वाटायचं मला कळत नाही. पुढे." मग पुन्हा गाड्या.

दुसऱ्या दुपारी दोनशे अडुसष्ट आला.

"दोनशे अडुसष्ट," एडगर म्हणाला. "एडगर. आवाजाचा परवाना. ठिकाण, फ्लॉपी. सापडत नाही. काढून टाकावे."

मी जागा झालो. डल्सीचा हात कळफलकावर होता, तो तिथेच राहिला.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली आणि एक बटण दाबलं.

त्यानं पुन्हा म्हटलं. शब्दात बदल नाही, सुरात नाही. काढून टाकावे.

"गाढव आहे," डल्सी म्हणाली. "स्वतःचं नाव वाचतोय, कळतंय का बघ."

त्याचा परवाना एका फ्लॉपीवर आला होता. फ्लॉपीचा कप्पा बिघडला म्हणून नोएलनंच तो सात वर्षांपूर्वी काढून टाकला. एडगर चालत राहिला, पण वहीत त्याचा पत्ता अजून तोच, आता अस्तित्वात नसलेला. प्रोग्रामच्या लेखी एडगर कधीच मेला होता.

माझ्या डोक्यात लगेच हिशेब बसला. "सोपं आहे. याच्यापुढची खूण काढू, बाकीच्या चारशे अकरा पुसू."

"आणि त्या चारशे अकरातल्या कशावर हा उभा असेल, ते सांग."

"ते मला काय ठाऊक?"

"मलाही नाही," डल्सी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते धूड गाडीत घालून विन्सच्या दुकानात नेलं. विन्स टकला आहे आणि कोणाला खोटं सांगून वस्तू विकत नाही, त्यामुळे दुकान आजवर एवढंच राहिलंय. त्यानं यंत्र उघडलं, धूळ उडवली, आतून एक मेलेली पाल बाहेर काढली आणि मला म्हणाला, "क्लेम, टक्कल घासून केस उगवत असते तर ही वही पुसून मशीन पळालं असतं. चारशे ओळींचं ओझं त्याला काहीच नाही. म्हातारं झालंय, बस."

"आणि पुसलं तर?"

"बहुतेक काही होणार नाही. किंवा उद्या सकाळी तो आवाज उठणार नाही. कशावर काय टेकलंय ते बनवणाऱ्यालाच माहीत, आणि बनवणारे कुठे आहेत आता? पुसू नका. जोरात पळायचं तर नवीन घ्या."

"नव्यात एडगर घालता येईल?"

विन्सनं मान हलवली. "परवाना द्यायला कोणी उरलेलं नाही. नव्यात छान बाई मिळेल. गोड बोलते."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. गोड बोलणाऱ्या बाईबद्दल सांगितलं तेव्हा डल्सीनं फक्त नाक मुरडलं.

शनिवारी ग्लेनिस आली. गाडीत नवा संगणक, खोक्यासकट. मनानं चांगली बाई आहे, हे जमेच्या बाजूला लिहितोच. पण खुर्चीत बसायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"आत्या, चाळीस डॉलरचं बटण दाबायचं नाही, नवीन मशीन नको, मग करायचं काय? एका आवाजासाठी? आवाज म्हणजे काय गं, यंत्र ते!"

"तू तुझ्या नवऱ्याबद्दल असंच म्हणतेस का?"

"आत्या, चेष्टा नको. त्या बर्नीचं काय? उद्या पुन्हा उशीर झाला नि त्याला काही झालं म्हणजे? पहार घेऊन गाडी चालवत आला तो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस!"

ग्लेनिसनं नेमकी दुखरी जागा धरली होती. एका बाजूला अठरा वर्षांचा सोबती, दुसऱ्या बाजूला सातपासून फोनवर हात ठेवून बसलेला माणूस. काट्याच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते मला स्पष्ट दिसत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हा आकडा आपल्याला वाचायला लागू नये.

"बर्नी गेश," डल्सी अचानक म्हणाली, आणि त्याचा नंबर म्हणाली. "डावा कान चालत नाही, उजवीकडे धर म्हणायचं. थेल्मा ओकडेन." नंबर. "गुरुवारी पाय बांधायला नर्स येते." तिसरं नाव, नंबर, मुलगी पर्थला. चौथं. ती न थांबता अकरापर्यंत गेली. एकही आकडा चुकला नाही. कुंपणापलीकडून रोज ऐकलेल्या यादीशी मी मनात ताडून पाहत होतो.

ग्लेनिस तिच्याकडे बघतच राहिली. "हे सगळं तुला पाठ आहे?"

"बोर्डावर चारशे एक्स्टेन्शन होते, बाळ. हे अकरा."

"मग इतके दिवस मशीन सुरू व्हायची वाट का बघत होतीस?"

डल्सीनं जरा विचार केला. "आम्हाला शिकवलेलं, बोर्डावर दिवा लागल्याशिवाय फोन लावायचा नाही." मग ती हसली, थोडी ओशाळून. तिला ओशाळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "बोर्ड गेला त्याला पंधरा वर्षं झाली. मी आपली बसलेय वाट बघत."

तो साफसफाईचा प्रोग्राम तिनं त्याच दिवशी काढून टाकला. ग्लेनिसचं खोकं मी पुन्हा गाडीत चढवलं, जाताना ती आत्याच्या गालाला गाल लावून बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "हट्टी आहेस." उत्तर तेच आलं, "तुझ्या बापासारखी."

सोमवारपासून क्रम फिरला. साडेसातला फोन, पाठ, बर्नीपासून. सगळे वेळेवर. तोवर टेबलावर यंत्र सावकाश जागं होत राहतं, त्याला आता कसली घाई नाही. अकरावा फोन संपला की डल्सी चहा ओतते आणि एडगरला यादी वाचायला सांगते. हे मला कुंपणापलीकडून ऐकू येतं, कारण त्या वेळी मी दोरीवर कपडे घालत असतो. राख पडायच्या आत वाळवावे लागतात.

तो एक नाव घेतो, मग घुटमळतो. आत काहीतरी घरघरतं.

"आहे," डल्सी म्हणते.

दुसरं नाव. घरघर.

"आहे."

अकरा नावं, अकरा वेळा आहे. मी रोज मोजतो. खोड.

त्या गुरुवारी अकरा झाली. मी टॉवेल झटकला आणि चिमट्याकडे हात नेला. आत घरघर थांबली नाही. एडगरनं बारावं नाव घेतलं, सर्दी झालेल्या त्या सुरात, आडनावासकट. ते माझं होतं.

टॉवेल हातातच राहिला. पाणी ठिबकून बुटावर पडत होतं.

पलीकडे चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली.